शाळेचे संकेतस्थळ : नवशिक्या शिक्षकापुढील अडचणी

शाळेचा वृत्तांत, पालकांना द्यावयाच्या सूचना, मुलांचे लेखन आणि गावाची माहिती ही सर्व एके ठिकाणी ठेवता यावी व ती कोणालाही, केव्हाही पाहता यावी, यासाठी शाळेचे स्वतःचे संकेतस्थळ असणे ही गोष्ट आता आवाक्याबाहेरची राहिलेली नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार हंगामात दूरच्या कारखान्यांच्या परिसरात असतात आणि त्यांची कित्येक मुले आजीआजोबांजवळ राहून गावच्या शाळेत जातात. अशा पालकाला फडावर बसून आपल्या मोबाइलवर परीक्षेची तारीख वाचता आली, तर घर व शाळा यांमधील अंतर तेवढे कमी होते.

तथापि, हौसेने आरंभलेले हे काम पहिल्या काही दिवसांतच अडून पडण्याचा संभव असतो. याचे कारण शिक्षकाच्या बुद्धीची उणीव हे नसून, वाटेतील अडचणी आगाऊ ठाऊक नसणे हे होय. प्रस्तुत पाठात त्या अडचणींचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

१. नाव, जागा आणि पाने

संकेतस्थळास तीन निरनिराळ्या गोष्टी लागतात आणि नवशिक्याचा पहिला घोटाळा या तिन्हींना एकच समजण्यात होतो. पहिली गोष्ट नाव, म्हणजे डोमेन. हे कायमचे विकत मिळत नाही. ठरावीक मुदतीपुरते नोंदवावे लागते व मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते. २०१४ सालापासून देवनागरी लिपीत 'डॉट भारत' असा शेवट असलेली नावेही नोंदविता येतात. दुसरी गोष्ट जागा, म्हणजे होस्टिंग. आपली पाने ज्या सर्व्हरवर अहोरात्र ठेवलेली असतात, तेथील ही जागा होय. तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष पाने. शाळेची पाटी, शाळेची इमारत आणि फळ्यावरील लेखन हे जसे तीन वेगळे विषय आहेत, तसेच हे समजावे.

२. आरंभ कोठून करावा

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळील सेर्न या संशोधन संस्थेत या योजनेचा प्रस्ताव मांडला. ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने हे तंत्र सर्वांस विनामूल्य खुले केले. जगातील पहिल्या संकेतस्थळात केवळ मजकूर व एका पानावरून दुसऱ्यावर नेणारे दुवे होते. हे ध्यानात ठेवल्यास हलती चित्रे व रंगीबेरंगी सजावट यांत शक्ती दवडण्याचा मोह टळेल.

पाने तयार करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, एचटीएमएल या खुणांच्या भाषेत स्वतः लिहिण्याचा. येथे 'हे शीर्षक', 'हा परिच्छेद', 'हा दुवा' असे ब्राउझरला सांगणाऱ्या खुणा मजकुराच्या मागेपुढे घालतात. उघडलेली खूण बहुधा बंद करावी लागते. दुसरा मार्ग गूगल साइट्स किंवा २००३ साली निघालेले वर्डप्रेस यांसारखी तयार साधने वापरण्याचा. पहिल्या मार्गात शिकणे अधिक होते. दुसऱ्यात काम लवकर होते. मात्र वर्डप्रेस स्वतःच्या जागेवर बसविल्यास ते वेळोवेळी अद्ययावत करावे लागते. नाही तर त्यातील उणिवांतून परक्याचा शिरकाव होतो. एक शिक्षकी शाळेने जे साधन सांभाळता येईल तेच निवडावे.

३. मराठी अक्षरांची अडचण

संगणकावर सुबक दिसणारा मराठी मजकूर संकेतस्थळावर चढविताच इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक समूह होऊन बसतो. याचे कारण असे की, जुन्या मराठी फाँटांत अक्षरांचे क्रमांक प्रत्येकाने आपापल्या सोयीने ठरविलेले होते. तो फाँट वाचकाच्या यंत्रावर नसला की मजकूर कळेनासा होतो. युनिकोड या जागतिक व्यवस्थेत देवनागरीच्या मुख्य गटासाठी १२८ स्थाने राखून ठेवलेली आहेत व प्रत्येक चिन्हाचा क्रमांक सर्वत्र एकच असतो. म्हणून मजकूर प्रथमपासून युनिकोडमध्येच टंकित करावा, फाइल 'यूटीएफ-८' या पद्धतीने साठवावी आणि एचटीएमएलचे पान हाताने लिहिल्यास त्याच्या आरंभी त्या पद्धतीचा उल्लेख करावा.

४. 'माझ्या संगणकावर तर दिसते!'

ही तक्रार फार सामान्य आहे. तिची दोन कारणे बहुधा आढळतात. एक असे की, चित्राचा पत्ता आपल्याच संगणकातील कप्प्याचा दिलेला असतो. तो कप्पा सर्व्हरवर नसतो. दुसरे असे की, विंडोज संगणक फाइलीच्या इंग्रजी नावातील मोठ्या व लहान लिपीत सहसा भेद करीत नाही. परंतु पुष्कळ सर्व्हर लिनक्स प्रणालीवर चालतात व तेथे हा भेद मानला जातो. यावर उपाय सोपा आहे. सर्व फाइलींची नावे लहान लिपीत, मोकळी जागा न सोडता ठेवावीत. चित्रे पानांजवळच्या एका कप्प्यात ठेवून पत्ता तेथूनच द्यावा. आणि काम झाल्यावर पान दुसऱ्याच्या मोबाइलवर अवश्य उघडून पाहावे.

५. छायाचित्रांचे ओझे

मोबाइलने काढलेले एक छायाचित्र सुमारे ४ मेगाबाइटचे असले, तर अशी दहा छायाचित्रे ४० मेगाबाइटची होतात. सेकंदास १ मेगाबिट इतक्या मंद जोडणीवर ती उतरण्यास ३२० सेकंद, म्हणजे पाच मिनिटांहून अधिक वेळ लागेल. तीच छायाचित्रे लहान करून प्रत्येकी २०० किलोबाइटची केल्यास एकूण २ मेगाबाइट होतात व १६ सेकंदांत दिसतात. हे गणित वरच्या वर्गातील मुलांकडूनही करवून घेता येईल.

६. मुलांची माहिती

येथे केवळ तंत्राचा प्रश्न उरत नाही. भिंतीवरचे हस्तलिखित गाव वाचतो. संकेतस्थळ कोणीही अनोळखी मनुष्य वाचू शकतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून, बालकाच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची तरतूद आहे. म्हणून आधार क्रमांक, जन्मतारीख, घरचा पत्ता व गुणपत्रके कदापि प्रसिद्ध करू नयेत. छायाचित्रासाठी पालकांची लेखी संमती घ्यावी व त्याखाली पूर्ण नाव देऊ नये. तसेच दुसऱ्याची चित्रे अगर लेख परवानगीवाचून उचलून घालू नयेत. आपल्या मुलांनी काढलेले शाळेचे चित्र उसन्या चित्राहून केव्हाही अधिक बोलके असते.

७. शिक्षकाची बदली

सर्वांत मोठी अडचण अखेरीस येते. उत्साही शिक्षक सर्व नोंदणी स्वतःच्या ईमेलवर व स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर करतो. पुढे त्याची बदली होते. नूतनीकरणाची सूचना त्याच्याकडे जाते, नव्या शिक्षकास प्रवेश मिळत नाही आणि एके दिवशी नावाची मुदत संपते. सुटलेले नाव दुसऱ्या कोणास घेता येते व त्यावर जुगाराच्या जाहिरातीही लावता येतात. ज्या पालकांनी शाळेच्या नावावर विश्वास ठेवला, त्यांच्यापुढे मग ते पान उघडते.

हे टाळण्यासाठी शाळेच्या नावाने स्वतंत्र ईमेल खाते काढावे. एका वहीत नाव कोठे नोंदविले, जागा कोठे घेतली व नूतनीकरण कोणत्या तारखेस आहे, हे लिहावे. पासवर्ड वहीत न लिहिता बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या ताब्यात असावा. सर्व पानांची एक प्रत वेगळी जपून ठेवावी. कार्यभार देताना दप्तराच्या यादीत संकेतस्थळाचाही समावेश करावा आणि नव्या शिक्षकाने मोबाइल क्रमांक व पासवर्ड त्याच दिवशी बदलून घ्यावा.

सारांश, प्रारंभी तीनच पाने करावीत : शाळेची ओळख, पालकांसाठी सूचना व मुलांचे लेखन. सूचनांचे पान महिन्यातून एकदा तरी ताजे करावे. जे थोडे आहे ते खरे, वाचनीय आणि पुढील शिक्षकास चालविता येईल असे असावे, एवढे साधले तरी पुष्कळ झाले.

स्वाध्याय

१. नाव, जागा व पाने यांतील भेद आपल्या शब्दांत सांगा.
२. जुन्या फाँटातील मजकूर दुसऱ्या यंत्रावर का कळत नाही?
३. ३ मेगाबाइटची आठ छायाचित्रे सेकंदास २ मेगाबिट वेगाने उतरण्यास किती वेळ लागेल?
४. आपल्या शाळेच्या संकेतस्थळासाठी कार्यभार यादीतील नोंदीचा मसुदा तयार करा व केंद्र संमेलनात त्यावर चर्चा करा.