जड झालेले स्टेअरिंग : दोष कोठे शोधावा?

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने मोटारीच्या वायरिंगवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु माझे वडील स्वतःची मोटार भाड्याने चालवतात. त्या मोटारीवरच घर आणि माझे शिक्षण चालते. गेल्या पावसाळ्यात मूर्तिजापूर स्टेशनसमोर गाडी वळवताना स्टेअरिंग एकाएकी जड झाले व समोर पिवळा दिवा लागला. "चाक लय जड लागून रायलं," एवढेच बाबा बोलले.

प्रथम रचना पाहू. विजेच्या पॉवर स्टेअरिंगची पहिली मोटार सुझुकीने जपानमध्ये १९८८ साली आणली. यात तेलाचा पंप नसतो. चाक फिरवले की दांड्यातील बारीक सळईला किंचित पीळ बसतो. सेन्सर तो पीळ मोजतो. नियंत्रक पेटी गाडीचा वेग पाहून मोटरला वीज देते आणि मोटर हाताला मदत करते. वीज तुटली तरी चाक व दांडा जोडलेलेच असतात. गाडी वळते, पण जोर फार लागतो. उभ्या गाडीत चाक फिरवताना मोटर सर्वांत जास्त वीज ओढते. म्हणून जोड कमजोर असल्यास तो तेव्हाच उघडा पडतो.

एका गॅरेजमध्ये यंत्र लावून कोड वाचला : पेटीला व्होल्टेज कमी. सल्ला मिळाला, संपूर्ण स्टेअरिंगच बदला! खर्च ऐकून बाबा गप्प झाले. त्या रात्री मी परीक्षा फीचा विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी वायरिंगच्या मिस्त्रींनी काहीही न खोलता क्रमाने तपासणी केली.

१) बॅटरी : इंजीन बंद असता १२.५ व्होल्ट, चालू असता १४. दोन्ही ठीक.

२) फ्यूज : शाबूत, पकडही घट्ट.

३) अर्थ : इंजीन व हेडलाइट चालू ठेवून मला चाक फिरवायला सांगितले. दिवे मंदावले. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरी पेटीच्या अर्थच्या बोल्टला लावली, तर दीड व्होल्ट! तेथे फार तर ०.२ असावे.

बॅटरीची अर्थ-वायर बॉडीला जोडली जाते, त्या बोल्टखाली गंज होता. काचपेपरने घासून बोल्ट आवळला. आकडा ०.१ वर आला. गाडी पुन्हा सुरू करताच पिवळा दिवा क्षणभर लागून विझला.

एक सावधगिरी : स्टेअरिंगजवळील पिवळ्या आवरणाच्या तारा एअरबॅगच्या असतात; त्यांना मीटर लावू नये.

कोड खोटा नव्हता. पेटीला व्होल्टेज कमीच मिळत होते. ते का, हे मोजल्यावर कळले. वीज बॅटरीतून जाते तशी परतही येते, आणि ही परतीची वाट कोणी पाहिलीच नव्हती. तेव्हा वाचकहो, महागडा भाग बदलण्यापूर्वी चाक फिरवत दोन्ही वाटा मोजून घ्याव्यात.