घोड्याच्या पाठीवरचा अर्धा तास भोर-वेल्ह्याच्या घराला कितीला पडतो?

भोरच्या पेठेतून वरात निघाली की घोडी बघायला सगळी पोरं धावतात. ज्याला धावता येत नाही, ते पोर आईच्या कडेवरून मान उंचावतं. त्या मानेकडे बघूनच पुष्कळ आईबापांच्या मनात येतं की याला घोड्यावर बसवलं तर? घोड्यांच्या साहाय्यानं दिव्यांगांवर उपचार होतात हे त्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. हा लेख त्यांच्यासाठी आहे. पैसे कुठे जातात, कुठे वाचतात आणि कुठे अजिबात घालू नयेत, एवढंच त्यात सांगायचं आहे.

पैसे देऊन काय मिळतं?

घोडा संथ चालतो तेव्हा वर बसलेल्याची कंबर पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि थोडी वळून हलते. माणूस स्वतः चालताना ती साधारण तशीच हलते. जे मूल कधी चाललेलंच नाही, त्याच्या शरीराला चालण्याची ही लय घोड्यावर कळते. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचा बसण्याचा तोल यानं सुधारू शकतो. मात्र घोडा कुणाला बरं करत नाही. हा उपचार फिजिओथेरपीच्या जोडीला असतो, तिच्या जागी नसतो. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे गुडघ्याखालचे पाय पोलिओनं लुळे झाले होते, घोड्यावर चढायलाही त्यांना मदत लागे. तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवलं. त्यांचं पदक आशा देतं, पण आपल्या मुलाचं मोजमाप त्या पदकाशी करू नका.

आधी डॉक्टर, मग घोडा

आटोक्यात नसलेली फिट, निखळलेला खुबा, ठिसूळ हाडं, पाठीचा मोठा बाक किंवा बसण्याच्या जागी जखम असेल, तर घोड्यावर बसवू नये. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाची मान आधी तपासून घ्यावी लागते. म्हणून पहिला खर्च अस्थिरोग किंवा बालरोगतज्ज्ञाच्या लेखी सल्ल्याचा. तो वाचवायला जाऊ नका. औंधच्या जिल्हा रुग्णालयात दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची तपासणी होते. तिथे जाणं होणारच असेल, तर हा प्रश्नही त्याच फेरीत विचारा.

खरा खर्च रस्त्यावर

उपचार केंद्र पुण्यात आहे असं समजून वेल्ह्याहून (आता तालुका राजगड) नसरापूरमार्गे पुण्याला जाऊन-येऊन साधारण १२० किलोमीटर धरा. गाडी लिटरला १५ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे असं मानलं, तर एका फेरीचे ८४० रुपये होतात. सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी ५०० रुपये आणि एका सत्राची फी १,००० रुपये समजू. आठवड्याला एक याप्रमाणे बारा सत्रांचा हिशेब असा:

- सत्रांची फी : १२,००० रुपये
- पेट्रोल : १०,०८० रुपये
- बुडालेली मजुरी : ६,००० रुपये
- एकूण : २८,०८० रुपये

हे आकडे हिशेबाची रीत दाखवायला घेतले आहेत, तुमचे खरे आकडे घालून बघा. निम्म्याहून अधिक पैसे घोड्याच्या वाटेला जातच नाहीत, ते रस्ता आणि रजा खातात. म्हणून दोन कुटुंबांनी मिळून एक गाडी करावी. केंद्रालाही लागोपाठची वेळ मागावी.

अर्ध्या तासाची फी कशानं वाढते?

एका मुलामागे घोड्याचा लगाम धरणारा एक, दोन्ही बाजूंनी मुलाला सावरणारे दोघं आणि थेरपिस्ट, अशी चार माणसं लागतात. जिथे यातली माणसं कमी करून फी कमी केली आहे, तिथे जाऊ नका.

घोड्याचं पोट वर्षभर चालूच असतं. ३५० किलोच्या घोड्याला वजनाच्या दोन टक्के, म्हणजे रोज सुमारे सात किलो सुकी वैरण लागते. वर्षाला अडीच टन झाली. किलोला १० रुपये धरले तरी पंचवीस हजारांच्या वर जातात. त्यावर चंदी, सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद, पशुवैद्य आणि मोतद्दाराचा पगार.

वजनाचाही हिशेब आहे. घोड्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांहून जास्त भार नसावा. ३५० किलोच्या घोड्याला खोगिरासकट ७० किलो झाले. प्रौढ दिव्यांगाला नेणार असाल तर आधी फोनवर वजन सांगा, म्हणजे फेरी फुकट जाणार नाही.

सेवाभावी संस्था : मोफत म्हणजे काय?

अमेरिकेत घोड्यांच्या कुरणांवर चालणारी अनेक ख्रिस्ती सेवाकेंद्रं आहेत. ओरेगनमधलं ‘क्रिस्टल पीक्स यूथ रँच’ १९९५ पासून देणग्यांवर चालतं आणि मुलांकडून फी घेत नाही. आपल्या जिल्ह्यालाही या सेवाभावाची ओळख जुनी आहे. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशननं शंभरहून अधिक वर्षांपूर्वी अंध मुलींना ब्रेल शिकवायला घेतलं होतं.

अशी मोफत सेवा मिळाली तर संकोच न करता घ्या. पण ती दुसऱ्या कुणाच्या तरी पैशानं चालते याची जाण ठेवा. वैरणीची एक गाठ दिलीत किंवा सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या मुलाला सावरायला उभे राहिलात, तरी मोठा हातभार लागतो. संस्था कोणत्याही धर्माची असो, हे प्रश्न विचारा:

- धर्मादाय आयुक्तांकडे आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली नोंदणी आहे का?
- सगळ्या जातिधर्मांच्या मुलांना प्रवेश आहे का? प्रार्थनेला बसणं ऐच्छिक आहे ना?
- थेरपिस्टची पदवी काय? पडझड झाल्यास विमा कुणाचा?
- हेल्मेट मिळतं का? चढण्या-उतरण्यासाठी रॅम्प आहे का?
- घोडा दिवसाला किती सत्रं करतो? त्याला विश्रांती मिळते का?

कुठे पैसे वाचतात?

दिव्यांगांचं यूडीआयडी ओळखपत्र मोफत निघतं, ते आधी काढा. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर साध्या एसटीत तिकिटावर ७५ टक्के सवलत मिळते. आई सोबत असेल तर महिलांची अर्धी सवलत २०२३ पासून आहेच. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या दिव्यांगांना संजय गांधी निराधार योजनेत आता महिन्याला २,५०० रुपये मिळतात. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, त्यातून मदतीची मागणी ग्रामसभेत लेखी द्या. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असेल तर निरामय योजनेत एक लाखापर्यंत आरोग्य विमा आहे. मात्र घोड्याची फी त्यातून निघेल असं गृहीत धरू नका. जुन्या करप्रणालीत दिव्यांग मुलासाठी आयकरात मिळणारी वजावट ७५,००० रुपये आहे आणि ८० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाला १,२५,००० रुपये.

हे करू नका, हे करून बघा

वरातीच्या घोडीवर किंवा पर्यटनस्थळाच्या तट्टावर मुलाला ‘उपचार’ म्हणून बसवू नका. घोडी शांत असली, तरी मुलाचा तोल सावरायला तिथे शिकलेली माणसं नसतात.

घोड्यावर न बसताही बरंच साधतं. दिवाळीनंतर वरंध घाटानं कोकणात उतरणाऱ्या धनगरांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड वाहणारी घोडी असतात. भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली, ती जात अशाच मेंढपाळांनी सांभाळली. घोड्याच्या मालकाला विचारून, त्याच्या वेळेचं मोल देऊन, तो लगाम धरून उभा असताना मुलाला घोड्याच्या खांद्यापाशी न्या. मागच्या पायांच्या बाजूला नेऊ नका. मुलाच्या हाताखाली आपला हात ठेवून मानेवर खरारा फिरवा. घोड्याची भीती वाटते की ओढ, हे इथे दहा मिनिटांत कळतं. भीती वाटली तर अठ्ठावीस हजार वाचले.

ओढ दिसली आणि डॉक्टर हो म्हणाले, तर बाराच सत्रं ठरवा. पहिल्या सत्राआधी वहीत एकच नोंद करा : आधाराशिवाय मूल किती वेळ बसतं. बाराव्या सत्रानंतर तीच नोंद पुन्हा करा. फरक असेल तर पुढचे पैसे उभे करा. नसेल तर थांबा आणि तेच पैसे घराजवळच्या फिजिओथेरपीला घाला. मुलासाठी काही कमी केलं अशी टोचणी मनाला लावून घेऊ नका.