साधनांची मोजदाद : फडपद्धतीचा धडा

सामुदायिक कार्यक्रम आखताना प्रथम निधीचा विचार होतो. परंतु गावाची साधने पैशापुरती मर्यादित नसतात. धुळे जिल्ह्याच्या पांझरा खोऱ्यात शतकानुशतके चालत आलेली फडपद्धती याचे बोलके उदाहरण होय. नदीवरील बंधारे व पाट ही तेथील भौतिक साधने. पाणी वाटणारा पाटकरी व पिके राखणारा जागल्या हे मनुष्यबळ. एका फडात एकच पीक घेण्याचा आणि पंचांचा निर्णय मानण्याचा नियम हे तिसरे साधन. टंचाईच्या वर्षी किती फड भिजवायचे, हे त्याच बळावर ठरे. म्हणून धुळे-जळगावच्या गावांनी नियोजनापूर्वी पाणी, जमीन व निधी यांबरोबरच जाणकार माणसे आणि पाळले जाणारे नियम यांचीही नोंद करावी. नियम मोडल्यास बंधारा भरलेला असूनही पाटाच्या शेवटचे शेत कोरडे राहते.