नंदबाबांच्या घरचा बळराम



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ४५. वेळ असेल तर अध्याय ५ चा शेवटचा भाग आणि अध्याय ८२ सुद्धा वाचा. आजचा विचार या तिन्ही ठिकाणांना जोडून आहे.

कंसवध झालाय. देवकी-वसुदेव बंदिवासातून सुटलेत, उग्रसेन महाराज पुन्हा गादीवर बसलेत. मथुरेत आनंदीआनंद आहे. आणि या गर्दीत एक माणूस आहे, ज्याला आता रिकाम्या हातानं घरी परतायचंय. नंदबाबा. गोकुळातून दोन मुलंही मथुरेला आली होती, आता ती मथुरेतच राहणार.

भगवान आणि बलरामदादा त्यांच्याकडे येतात, मिठी मारतात आणि एक गोष्ट सांगतात. तिचा भावार्थ असा : ज्यांच्या नातलगांना त्यांचं पालन आणि रक्षण करणं जमलं नाही, अशा सोडलेल्या लेकरांना जे स्वतःच्या मुलासारखं वाढवतात, तेच खरे आई-बाप.

परत एकदा वाचा. हे कुणा समाजसेवकाचं भाषण नाही. प्रत्यक्ष भगवंत आपल्याला वाढवणाऱ्या माणसाला हे सांगतोय, आणि तेसुद्धा जन्मदाते आई-वडील त्याच नगरात असताना. देवकी-वसुदेवांचा मान कुठे कमी होत नाही. पण पालनपोषण हे ‘दुय्यम’ पालकत्व आहे, हा समज मात्र इथे मोडतो.

“पण नंदबाबांना कुठं माहीत होतं?”

हा प्रश्न बरोबर आहे. कृष्ण आपला नाही हे गोकुळात कुणालाच ठाऊक नव्हतं. आपलाच समजून वाढवलं, त्यात काय विशेष?

म्हणून बळरामाकडे बघा. अध्याय ५ मध्ये नंदबाबा वार्षिक कर भरायला मथुरेला जातात. तिथे वसुदेव भेटतात आणि विचारतात, माझा मुलगा त्याच्या आईसोबत तुमच्याकडे आहे, तुम्हालाच बाबा समजतोय, तुम्ही दोघं त्याचे लाड करताय, बरा आहे ना तो?

म्हणजे बघा, इथे सगळं उघड आहे. रोहिणीमाता आणि तिचं बाळ संकटामुळे आपल्या आश्रयाला आलेत, हे नंदबाबांना पक्कं माहीत आहे. हा मुलगा वसुदेवाचा आहे, उद्या परत जाऊ शकतो, हेही माहीत आहे. तरी गोकुळात कृष्णाच्या ताटात एक आणि बळरामाच्या ताटात दुसरं, असं कधी झालेलं दिसत नाही. आणि जन्मदात्या बापानं चौकशी केली म्हणून नंदबाबांना रागही येत नाही.

आजच्या भाषेत याला फॉस्टर केअर म्हणतात.

आज हे कसं चालतं?

फॉस्टर केअर आणि दत्तक यात आपली गल्लत होते. दत्तक घेतलं की मूल कायद्यानं कायमचं आपलं होतं. फॉस्टर केअरमध्ये मूल काही काळासाठी, कधी काही वर्षांसाठी, आपल्या घरी राहतं. जन्मदात्यांशी त्याचं नातं कायद्यानं तुटत नाही. आई दीर्घ आजारात असेल, वडील तुरुंगात असतील, घरात सांभाळण्याजोगी परिस्थिती नसेल, अशा मुलांसाठी ही सोय आहे. संस्थेत वाढणाऱ्या आणि वय वाढल्यामुळे कुणी दत्तक न घेतलेल्या मुलांसाठीही आहे.

आपल्या देशात याला बाल न्याय कायदा २०१५ चा आधार आहे. निर्णय बाल कल्याण समिती घेते. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो, तो ही प्रक्रिया हाताळतो. घरी येऊन चौकशी होते, घरातल्या सगळ्यांशी बोलणं होतं, मूल आल्यावरही देखरेख राहते. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३५ ते ६० वयाची एकटी व्यक्तीसुद्धा (अविवाहित, विधवा, घटस्फोटित) फॉस्टर पालक होऊ शकते. एकटा पुरुष असेल तर मात्र मुलगाच सांभाळायला मिळतो. मूल दत्तकासाठी कायद्यानं मोकळं असेल, तर दोन वर्षं सांभाळल्यावर त्याच कुटुंबाला दत्तकाचा विचार करता येतो; आधी ही मुदत पाच वर्षं होती. मिशन वात्सल्य योजनेत मुलामागे महिना ४,००० रुपये साहाय्याची तरतूदही आहे.

आणि हो, वसुदेवांसारखं टोपलीतून रातोरात मूल नेऊन परस्पर कुणाच्या घरी ठेवणं आज चालत नाही! एखादं निराधार मूल दिसलं तर १०९८ वर फोन करायचा. २४ तासांच्या आत कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. यात मुलाचीच सुरक्षा आहे.

मग का करायचं हे?

पहिलं कारण अगदी साधं आहे. मुलाला घर लागतं. चांगल्या संस्थेत जेवण, कपडे, शाळा सगळं मिळतं. पण रात्री ताप आला की कपाळावर नेहमीचाच हात हवा असतो. पन्नास मुलांमध्ये तो हात रोज तोच असेल असं नाही. यशोदामाईचं वात्सल्य आपण वर्षानुवर्षं ऐकतो ते कशाबद्दल? लोणी, खोड्या, रागावणं, जवळ घेणं. रोजचंच सगळं. तेच तर या मुलांना मिळालेलं नसतं.

दुसरं, ही आपली परंपरा आहे. पैठणच्या नाथांना आई-वडिलांच्या पश्चात आजोबांनी वाढवलं. कबीरांना नीरू आणि नीमा या विणकर जोडप्यानं सांभाळलं, असं परंपरा सांगते. आपण ज्यांच्या पायावर डोकं ठेवतो, त्यांच्यासाठीही कुणीतरी दार उघडलं होतं.

तिसरं कारण साधकासाठी महत्त्वाचं आहे. प्रवचनात आपण ‘माझं-माझं सोडा’ ऐकतो आणि माना डोलावतो. इथे ते खरोखर करावं लागतं. जीव लावायचा, आणि तरी मूठ मिटायची नाही. मुलाची आई बरी झाली, मूल तिच्याकडे सुखरूप परतलं, तर ते आपलं यश. डोळ्यांत पाणी येणारच. नंदबाबांच्याही आलं. भागवत ते लपवत नाही. प्रेमानं व्याकूळ होऊन, मुलांना मिठी मारून, भरल्या डोळ्यांनी ते व्रजाला निघाले. वैराग्य म्हणजे दगड होणं नाही, हे इथं शिकावं.

कशासाठी करू नये?

पुण्य जमवायला नको. “आम्ही तुला आणलं म्हणून...” हे वाक्य घरात एकदाही निघणार असेल तर थांबलेलं बरं. घरकामाला हात मिळेल म्हणून तर अजिबातच नको. दत्तकाची रांग टाळायला हा शॉर्टकट म्हणूनही नको. आणि मूल कृतज्ञ, शहाणं, गोड असेल ही अपेक्षाही नको. ज्यानं घर हरवलंय ते मूल चिडेल, डब्यातलं खाणं लपवून ठेवेल, तुम्हाला पुन्हा पुन्हा पारखून बघेल. त्याला आधी कुणीतरी सोडलेलंच असतं ना! विश्वास ठेवायला वेळ लागणारच.

देवकीचे शब्द

आता अध्याय ८२. बऱ्याच वर्षांनी सूर्यग्रहणाच्या निमित्तानं कुरुक्षेत्रावर सगळे एकत्र येतात. देवकी, रोहिणी आणि यशोदा समोरासमोर. आता काय होणार? हेवा? हिशोब?

देवकी आणि रोहिणी यशोदेला मिठी मारतात. म्हणतात, तुमचं ऋण फिटणार नाही. ज्यांनी जन्मदात्यांना पाहिलंही नव्हतं, त्या मुलांना तुम्ही पापण्या डोळ्यांना जपतात तसं जपलंत.

पापणी डोळ्याची मालकी सांगत नाही. तिला दिसतही काही नाही, बघतो तो डोळाच. पण धूळ आली की आधी ती पुढे होते. फॉस्टर पालकाचं काम नेमकं असं आहे.

आजची साधना

तुमच्यापैकी बरेचजण पंचविशीत आहात, भाड्याच्या फ्लॅटमध्ये आहात, हे माहितीय. मूल आजच घरी आणा असं कुणी म्हणत नाही. पण तीन गोष्टी आज जमतील.

१. अध्याय ४५ मधला नंदबाबांचा निरोप सावकाश वाचा. बाबांच्या जागी स्वतःला ठेवून.

२. आपल्या जिल्ह्याचा बाल संरक्षण कक्ष कुठे आहे ते शोधा आणि १०९८ मोबाइलमध्ये सेव्ह करा. घरी मोठी दादा-वहिनी असतील, मुलं शिकून बाहेर गेलेले काका-काकू असतील, तर जेवताना हा विषय काढा. बऱ्याच जणांना अशी सोय आहे हेच ठाऊक नसतं.

३. ओळखीत कुणी असं मूल सांभाळत असेल तर त्यांना हात द्या. मुलाचा गणिताचा अभ्यास घ्या, एक रविवार सोबत घालवा. मुलाचा भूतकाळ मात्र विचारू नका, आणि त्याचे फोटो स्टेटसला टाकू नका. गोकुळात नंद-यशोदा एकटे नव्हते, सगळं गाव सोबत होतं.

आणि उद्या स्वतःचं घर झालं, हात थोडा मोकळा झाला, की हा अध्याय पुन्हा उघडा. तेव्हा बायकोला, नवऱ्याला किंवा एकटे असाल तर स्वतःलाच विचारा, आपल्या घरात एका बळरामाला जागा आहे का?

राम कृष्ण हरी 🙏