फाइव्ह-जी खामल्यापर्यंत

२०२१ ची दिवाळी. नागपुरात सीताबर्डीवरच्या एका दुकानात अस्मादिक दोन फोन हातात धरून उभे होते. एक सतरा हजारांचा, दुसरा चोवीस हजारांचा. कॅमेरा सारखा, बॅटरी सारखी. फरक काय तो दुसऱ्याच्या खोक्यावर छापलेल्या '५जी' या अक्षरांचा. काउंटरवरच्या पोराने गिऱ्हाईक बरोबर ओळखलं. "घेऊन टाका ना काका. फाइव्ह-जी येऊनच राह्यलं. मग पुन्हा नवीन घ्याल का?" अस्मादिकांनी सात हजार जास्तीचे मोजले आणि न निघालेल्या पाहुण्यासाठी गादी घालून ठेवली.

पाहुण्याला यायला जवळपास वर्ष लागलं. त्या दिवाळीत देशात ५जीसाठीच्या स्पेक्ट्रमचा लिलावसुद्धा झालेला नव्हता. तो २६ जुलै ते १ ऑगस्ट २०२२ असा सात दिवस चालला आणि दीड लाख कोटी रुपयांवर थांबला. १ ऑक्टोबरला दिल्लीच्या प्रगती मैदानावर सेवेचं उद्घाटन झालं. आठवडाभरात एका कंपनीने पहिली आठ शहरं जाहीर केली आणि त्यांत दिल्ली-मुंबईच्या जोडीने चक्क नागपूर! पुणं नव्हतं. पुण्याच्या मेव्हण्याला ही बातमी अस्मादिकांनी त्या दिवशी तीनदा फोन करून सांगितली. तिन्ही फोन अर्थात ४जीवरून.

कारण हातातल्या यंत्रावर ते चिन्ह काही उमटेना. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलीने शांतपणे सांगितलं, "सर, अपडेट यायचंय." म्हणजे फोनमध्ये ५जीचा रेडिओ आहे, पण इथल्या नेटवर्कवर तपासून होईपर्यंत बनवणाऱ्या कंपनीने त्याला कुलूप घातलेलं. हे एकाच ब्रँडचं दुखणं नव्हतं. आयफोनवाल्यांनाही भारतातल्या ५जीसाठी डिसेंबर २०२२ पर्यंत थांबावं लागलं. अस्मादिकांचं अपडेट नोव्हेंबरात आलं. तोवर फोनची वॉरंटी संपली होती.

अपडेट आल्याच्या दुसऱ्या दिवशी चार मित्र सीताबर्डीला चहाला जमले. वेग मोजायचं ॲप उघडलं, काटा सरसर चढला आणि तीनशे एमबीपीएसवर जाऊन बसला. "पुन्हा दाखव," एकजण म्हणाला. पुन्हा दाखवलं. चौथ्यांदा दाखवल्यावर मेसेज आला, आजचा दीड जीबी डेटा संपला. गणित साधं आहे, पण ते आधी करायचं असतं. तीनशे मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेसदतीस मेगाबाइट, कारण आठ बिटांचा एक बाइट. दहा सेकंदांची एक चाचणी पावणेचारशे मेगाबाइट खाते. चार चाचण्या, दीड जीबी. चहाचे पैसेही यूपीआयने द्यायचे होते. ते मित्राने दिले.

पुढे कंपन्यांनी ५जी डेटा अमर्याद केला आणि ही अडचण मिटल्यासारखी वाटली. जुलै २०२४ च्या दरवाढीत मात्र जिओ आणि एअरटेल या दोन्ही मोठ्या कंपन्यांनी अमर्याद ५जी रोज दोन जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनपुरतं ठेवलं. रिचार्ज करताना हे कलम खाली बारीक अक्षरात असतं. ते वाचण्यासाठी चष्मा लावावा लागला तरी लावावा.

खरी गंमत घरी होती. घर सोनेगावात, विमानतळाजवळ. सीताबर्डीहून निघालं की वर्धा रोडवर ५जी आहे, खामल्याच्या चौकात आहे, आणि घराच्या फाटकाशी ४जी. आधी वाटलं फोन बिघडला. मग नोव्हेंबरअखेरची बातमी वाचली. दूरसंचार विभागाने कंपन्यांना कळवलं होतं की धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २१०० मीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरच्या आत ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचे ५जी मनोरे उभारू नयेत. विमानाची जमिनीपासूनची उंची मोजणारं उपकरण ४२०० ते ४४०० मेगाहर्ट्झवर चालतं. त्याला अडथळा नको, ही काळजी. उतरणाऱ्या विमानाच्या पायलटला आपली उंची नीट कळावी, यावर कोणाचं दुमत असणार? पण 'नागपुरात ५जी' या दोन शब्दांत सोनेगाव येत नव्हतं, आणि हे कोणत्याही जाहिरातीत लिहिलेलं नव्हतं.

विमानतळापासून लांब राहणाऱ्यांनीही फार हुरळून जाऊ नये. भारतात ५जीचा मुख्य भार ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आहे. त्या लहरीची लांबी जेमतेम नऊ सेंटिमीटर, म्हणजे हाताच्या चार-पाच बोटांच्या रुंदीइतकी. ७०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे त्रेचाळीस सेंटिमीटर, जुन्या मापाने जवळपास एक हात. लांब लहर दूर जाते आणि भिंत बऱ्यापैकी ओलांडते. आखूड लहर भरपूर डेटा वाहते, पण भिंतीशी दमते. २६ गिगाहर्ट्झची लहर तर सेंटिमीटरभर. तिला अडवायला समोर उभा राहिलेला माणूसही पुरतो. म्हणून बाल्कनीत तीनशे आणि स्वयंपाकघरात तीस, हा अनुभव घरोघरचा.

हे पुस्तकी ज्ञान घरात सिद्ध झालं ते २०२३ मध्ये भाचा अमरावतीहून आला तेव्हा. त्याचा फोन बारा हजारांचा, आणि आमच्या दिवाणखान्यात त्यावर ५जी! सिम दुसऱ्या कंपनीचं. अस्मादिकांनी ते सिम काढून स्वतःच्या चोवीस हजारांच्या फोनमध्ये घातलं. चिन्ह गायब. "मामा, तुमच्या फोनला एन अठ्ठावीस बँडच नाही," भाच्याने दोन मिनिटांत शोधून सांगितलं. एन अठ्ठावीस म्हणजे तो ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा. लिलावात तो एकट्या जिओने घेतला होता. अस्मादिकांचा फोन फक्त एन अठ्ठ्याहत्तर, म्हणजे ३३०० वाला पट्टा ऐकू शकत होता. खोक्यावर '५जी' मोठ्या अक्षरात होतं. बँडची यादी खोक्यावर नव्हतीच. ती कंपनीच्या संकेतस्थळावर, तपशिलाच्या शेवटच्या परिच्छेदात होती.

तेव्हा फोन घेणाऱ्याने 'फाइव्ह-जी आहे का' हा प्रश्न विचारूच नये. त्याचं उत्तर नेहमी 'आहे' असंच येतं. कोणकोणते बँड आहेत, त्यात एन २८ आणि एन ७८ दोन्ही आहेत का, आणि फोन स्टँडअलोन जाळ्यावर चालतो का, हे विचारावं. जिओने ५जीचं जाळं स्वतंत्र, म्हणजे स्टँडअलोन उभारलं, एअरटेलने सुरुवात ४जीच्या गाभ्यावर केली. एकावर नीट चालणारा जुना फोन दुसऱ्यावर अडू शकतो. काउंटरवरचा पोरगा गोंधळला तर फोन तिथेच ठेवून बाहेर पडावं, चहा प्यावा.

घाईची किंमत मोजणारे अस्मादिक एकटे नाहीत. दक्षिण कोरियाने ३ एप्रिल २०१९ ला रात्री अकरा वाजता ५जी सुरू केलं, ठरल्याच्या दोन दिवस आधी, केवळ अमेरिकेच्या व्हेरायझनला मागे टाकायला. पहिले ग्राहक मोजके नामवंत होते. जाहिराती वीस गिगाबिटच्या. मे २०२३ मध्ये तिथल्या स्पर्धा नियामकाने तिन्ही कंपन्यांना अतिरंजित दाव्यांबद्दल मिळून सुमारे ३३६० कोटी वॉनचा दंड केला. प्रत्यक्ष वेग जाहिरातीच्या तीन-चार टक्के भरला होता. अमेरिकेत एटी अँड टीने तर ४जीच्या फोनवर '५जी ई' असं चिन्हच उमटवलं होतं. चिन्ह काढायला मनोरा लागत नाही.

या गडबडीत आपल्याकडे चोरांचीही चांदी झाली. '४जी सिम ५जी करून देतो' म्हणत लिंक आणि ओटीपी मागणारे फोन उद्घाटनानंतर लगेच सुरू झाले. अस्मादिकांचं बोट लिंकवर टेकलंच होतं. मुलीने फोन हातातून ओढला. "बाबा, सिम तेच चालतं!" खरंच, जिओ आणि एअरटेल दोन्ही कंपन्यांचं ४जी सिम ५जीला चालतं. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करावा.

आता दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमामुळे कंपन्यांना आपापल्या संकेतस्थळावर कव्हरेजचे नकाशे द्यावे लागतात. नकाशा जरूर पाहावा, पण तो रस्ता दाखवतो, स्वयंपाकघर नाही. सिम बदलायचं मनात असेल तर त्या कंपनीचं सिम असलेल्या शेजाऱ्याला संध्याकाळी आठला चहाला बोलवावं. तेव्हा मनोऱ्यावर गर्दी असते आणि खरा वेग दिसतो. त्याचा फोन घेऊन ओट्याशी, पलंगाशी, दार लावून बाथरूममध्ये उभं राहावं. पूर्ण एचडी चित्रफितीला पाच एमबीपीएस पुरतात. घरभर तेवढे मिळत असतील तर तीनशेचा हट्ट का?

अस्मादिकांनी घरात फोन ४जीवर लॉक करून ठेवलाय. सिग्नल शोधत बसण्यात बॅटरी दुपारी दोनला मान टाकायची, आता रात्रीपर्यंत टिकते. भाजीला खामल्याला जाताना मात्र ते सेटिंग बदलतात. चौकात चिन्ह उगवतं. बायको म्हणते, "झालं दर्शन? मेथी घ्या आता."