दिवे का गेले?

मुलांनो, पावसाळ्यात रात्री अभ्यासाला बसावे आणि मोहल्ल्यातले दिवे एकदम जावेत, असे अनेकदा घडते. आपण लगेच वीजवाल्यांना बोल लावतो. पण पुष्कळदा दिवे जातात ते आपला जीव वाचावा म्हणून!

समजा, वाऱ्याने दोन तारा एकमेकींना चिकटल्या. त्यांतून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह वाहू लागतो. उपकेंद्रात 'रिले' नावाचे यंत्र या प्रवाहावर सतत नजर ठेवते. प्रवाह ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, की ते 'सर्किट ब्रेकर'ला इशारा देते. ब्रेकर क्षणात प्रवाह तोडतो.

एवढी घाई का? तारांमधल्या हवेतून वीज उडी घेते, तेव्हा प्रखर ज्वाळेची कमान पेटते. तिला 'आर्क' म्हणतात. आकाशातल्या विजेची ही बहीणच! (उर्दूत दोघींनाही 'बिजली' म्हणतात.) तिचे तापमान 19,000 अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे 5,500 अंश असते. या आर्कमध्ये तांब्याची वाफ होते. जवळचा माणूस तारेला हात न लावताही भाजतो.

कधी कधी रिलेही फसते. 30 जुलै 2012 रोजी बीना-ग्वाल्हेर वाहिनीवर फार भार होता. रिलेला तो बिघाड वाटला. त्याने वाहिनी तोडली, मग एकामागून एक वाहिन्या बंद पडल्या आणि उत्तर भारत अंधारात बुडाला.

तोडलेला प्रवाह जोडण्यापूर्वी लाइनमन बिघाड शोधतो. खाली उभे राहून "लवकर करा" असे ओरडणाऱ्यांकडे तो लक्ष देत नाही, हे बरेच आहे.