भरतीचे पेढे

दारव्हा,
तान्हा पोळा

चि. बाल्या,


परवा फोनवर म्हणालास, ‘मामा, नावं आठवेनाशी झालीत, मेंदूसाठी काही कोडीबिडी सुचवा.’ चव्वेचाळिसाव्या वर्षी एखादं नाव जिभेवर अडलं म्हणून घाबरू नकोस. कोडी सोडव खुशाल, पण त्यानं माणूस मुख्यतः कोड्यांतच तरबेज होतो. जन्मभर गणित शिकवलेला माणूस सांगतोय.

माझंच बघ. साठीनंतर कमी ऐकू येऊ लागलं. कानाचं मशीन लावलं की म्हातारे झालो, या भीतीनं सहा वर्षं टाळलं. एका संध्याकाळी बसस्टँडजवळच्या टपरीवर चहा पिताना एक जुना मित्र म्हणाला, ‘पोरगं दवाखान्यात भरती हाय, भाऊ.’ माझ्या कानात पडलं ते फक्त ‘पोरगं’ आणि ‘भरती’. मला वाटलं पोलीस भरती! पाठीवर थाप मारून विचारलं, ‘पेढे कधी?’ टपरी चिडीचूप. घरी आल्यावर मामीनं सगळा प्रकार उलगडून सांगितला तेव्हा धरणी दुभंगावी असं झालं. पोराला डेंग्यू होता. बरा झाला, पण मी टपरीवर जाणं सोडलं. मग लग्नाला जाणं सोडलं, भजनाला जाणं सोडलं. वर्षभरात मामी म्हणू लागली, ‘तुम्हाला काहीच लक्षात राहत नाही.’ कानातच शिरलं नाही, ते डोक्यात राहणार कुठून?

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळानं २०२४ साली डिमेन्शियाला हातभार लावणाऱ्या, पण आवरता येण्याजोग्या १४ गोष्टी सांगितल्या. त्या सगळ्या आवरल्या, तर जगातली सुमारे ४५ टक्के प्रकरणं टळतील किंवा लांबतील असा त्यांचा अंदाज आहे. त्यात ऐकू कमी येणं आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल, हे दोन सगळ्यात वर. एकटेपणाही आहेच. मी बहिरेपणातून एकटेपणा ओढवून घेतला होता.

शेवटी मशीन लावलं, तर पहिल्या दिवशी प्लास्टिकची पिशवी चुरगळल्याचा आवाज विजेसारखा कडाडला. भांडी तर विचारू नकोस. काढून डबीत ठेवलं. मामीनं रोज तासभर सक्तीनं लावायला लावलं. सवय व्हायला महिना गेला. मशीननं विसराळूपणा जातोच असं नाही, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. पण टपरी परत मिळाली.

डोकं जपायला तुझ्यापाशी अजून वेळ आहे. बीपी मोज, चाळिशीनंतर वरचा आकडा १३० च्या आत हवा. मे महिन्यात इकडे आलास तर उजाडायच्या आत चालून ये, नंतर ऊन उभं राहू देत नाही. हेल्मेट डोक्यावर घाल, आरशाला अडकवू नकोस. आणि गावी आलास की पानठेल्यावरून तंबाखूचा खर्रा घोटून आणतोस, ते मला कळत नाही असं समजू नकोस. ऐकू कमी येत होतं, वास येत होता.

मामी जवसाची चटणी पाठवतेय. चटणीनं बुद्धी वाढते असं ती म्हणेल. तू मान डोलाव आणि ज्वारीच्या भाकरीशी खा.

फोन करशील तेव्हा ओरडत जाऊ नकोस. आता ऐकू येतं.

तुझा,
मामा